लग्नात वस्तूंऐवजी रोख आहेर हवा असेल तर: कोणाला, केव्हा आणि कसे सांगावे

आज लग्न करणारी बरीच मुले-मुली आधीपासून कमावती असतात, नोकरीच्या गावी स्वतंत्र राहत असतात, आणि गॅस, मिक्सर, फ्रिज, भांडीकुंडी यांपैकी बहुतेक गोष्टी दोघांच्याही घरी असतात. अशा जोडप्याच्या दोन खोल्यांच्या घरात लग्नानंतर चार भिंतीवरची घड्याळे, तीन लेमन सेट, दोन डिनर सेट, गणपतीच्या अर्धा डझन मूर्ती आणि देण्याघेण्यातल्या साड्यांचा गठ्ठा येऊन पडतो. त्यांतल्या कितीतरी वस्तू खोक्यातून बाहेर न निघताच पुढच्या एखाद्या लग्नात दुसऱ्या घरी जातात. देणाऱ्याने प्रेमाने खर्च केलेला असतो, घेणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो आणि त्याच वेळी घराच्या डाउन पेमेंटसाठी किंवा शिक्षणाच्या कर्जासाठी त्याच जोडप्याला पैशाची निकड असते. म्हणून वस्तूंऐवजी पैसे मिळावेत असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

शिवाय रोख आहेर आपल्याकडे नवा नाही. पाकिटात नोट घालून वर एक रुपयाचे नाणे लावायचे आणि ५०१ किंवा ११०१ असा आकडा करायचा, ही पद्धत शहरांत आणि खेड्यांत सारखीच रुळलेली आहे. तेव्हा पाहुण्यांना पैशाचे वावडे नसते. त्यांना खुपते ते पैसे मागणे. निमंत्रणाबरोबरच अपेक्षा कळवली, की बोलावणे आपल्यासाठी आहे की आपल्या पाकिटासाठी, असा प्रश्न मनात येतो, आणि तो एकदा आला की कितीही आर्जवी शब्दांनी जात नाही. या लेखातील सगळ्या सूचना एकाच नियमावर उभ्या आहेत: यजमानाने आपणहून मागू नये, पण पाहुण्याने विचारले तर त्याला आडवळणे न घेता, स्पष्ट आणि मोकळे उत्तर द्यावे.

पहिली पायरी: दोन्ही घरांत आधी बोलून घ्या

हे बोलणे साखरपुडा झाल्यावर लगेच व्हायला हवे. पुष्कळांना वाटते, की आहेराचा विषय लग्नाच्या दिवशीचा आहे. प्रत्यक्षात देणेघेणे केळवणापासूनच सुरू होते. जवळचे नातेवाईक एकेक करून जेवायला बोलावतात आणि ताटाभोवती रांगोळी काढून, ओवाळून, हातात काहीतरी ठेवतात. त्यामुळे पहिल्या केळवणाच्या आमंत्रणापूर्वी घरातल्या सर्वांचे एकमत झालेले असावे. अन्यथा आई एक सांगते, आत्या दुसरे सांगते आणि नातेवाईक गोंधळतात.

या बोलण्यात सर्वांत नाजूक प्रश्न असा, की आलेले पैसे कोणाचे? मुलांना वाटते, लग्न आमचे, तेव्हा आहेर आमचा. आईवडिलांचे म्हणणे वेगळे असते आणि ते समजून घेण्यासारखे आहे. त्यांनी वीस-पंचवीस वर्षे नात्यातल्या आणि गावातल्या लग्नांत आहेर केलेले असतात, त्याची नोंद घरातल्या वहीत असते, आणि आज येणाऱ्या पाकिटांपैकी बरीच त्या जुन्या आहेरांची फेड असते. उद्या त्याच घरांतल्या लग्नात पुन्हा आहेर करायची वेळ येईल तेव्हा तो भार बहुतेक आईवडिलांवरच पडणार असतो. कित्येक घरांत मांडव, जेवण आणि हॉल यांच्या खर्चाचा काही भाग आहेरातून निघेल, असा हिशेबही मनात धरलेला असतो. हे सारे न बोलता मुलांनी सगळी पाकिटे आपली मानली तर लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कडवटपणा येतो.

माझ्या मते सर्वांत न्याय्य तोडगा असा आहे: वधू-वरांच्या हातात दिलेले किंवा त्यांच्या नावाचे पाकीट त्यांचे, आईवडिलांना मानपान म्हणून दिलेले आईवडिलांचे, आणि ज्या घरांचे आहेर जोडप्याने ठेवून घेतले, त्या घरांत पुढे आहेर करण्याची जबाबदारीही जोडप्याची. त्यासाठी वहीची एक प्रत आईवडिलांकडे आणि एक जोडप्याकडे राहावी. खर्च भागवण्यासाठी आहेरावर विसंबून राहणे मात्र टाळावे. जे लग्न आहेर आल्याशिवाय परवडत नाही, ते थोडे आटोपशीर करावे. कारण तशा परिस्थितीत यजमान नकळत प्रत्येक पाकीट जोखू लागतो.

दुसरी पायरी: आहेर आणि हुंडा यांतील सीमा ओलांडू नका

हा भाग शिष्टाचाराचा आहे तितकाच कायद्याचाही आहे. हुंडा प्रतिबंध कायदा, १९६१ नुसार एका पक्षाने दुसऱ्या पक्षाच्या आईवडिलांकडे, नातेवाइकांकडे किंवा पालकांकडे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे हुंड्याची मागणी करणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी किमान सहा महिने ते दोन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. लग्नप्रसंगी, कोणतीही मागणी न होता, रीतीप्रमाणे आणि ऐपतीच्या मर्यादेत दिलेल्या भेटींना कायदा वेगळे मानतो. म्हणजे सगळा फरक ‘मागणी न होता’ या अटीत आहे.

यातून पाळायचा नियम सोपा आहे. प्रत्येक बाजूने फक्त आपल्याच माणसांशी बोलावे. वराने किंवा त्याच्या आईवडिलांनी मुलीच्या काकांना, मामांना वा आईवडिलांना “भांड्यांपेक्षा रोख दिलेत तर बरे” असे गंमतीतही म्हणू नये. मुलीचे आईवडील संसाराची भांडी, कपाट असे आंदण देऊ इच्छित असतील आणि ते नको असेल, तर ते सांगायचे काम मुलीचे आहे, आणि तिनेही “त्याऐवजी तेवढे पैसे द्या” असे म्हणू नये. “काहीही नको” एवढेच म्हणावे. हे कठोर वाटेल, पण हुंड्याची मागणी आपल्याकडे नेहमी अशाच सभ्य शब्दांत होत आली आहे. त्यामुळे सासरहून आलेली रोख रकमेची कोणतीही सूचना मुलीच्या माहेरी दडपणासारखीच पोहोचते.

या कायद्याखाली १९८५ मध्ये केलेले नियम फार थोड्या घरांत पाळले जातात. त्यांनुसार वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने आणि वराला मिळालेल्या भेटींची यादी वराने ठेवायची असते. त्यात वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहायचे असते आणि दोघांनी सही करायची असते. रोख आहेरालाही ही यादी उपयोगी पडते. वधूला मिळालेला आहेर हे तिचे स्त्रीधन आहे, ते सासरच्या सामाईक पैशात आपोआप मिसळत नाही, हे दोन्ही घरांनी सुरुवातीलाच मान्य केले तर पुढचे अनेक प्रश्न उद्भवत नाहीत.

तिसरी पायरी: पत्रिकेत काय छापावे

पत्रिकेत पैशाचा उल्लेख करू नये. “रोख आहेर स्वीकारला जाईल”, “कृपया भेटवस्तू आणू नयेत, पाकीट चालेल” किंवा अगत्याच्या निमंत्रणाखाली क्यूआर कोड यांपैकी काहीही छापू नये. छापील पत्रिका देवापुढे ठेवली जाते, अक्षता लावून घरोघरी दिली जाते, आणि ज्यांच्याकडून आपण कधीही काही अपेक्षिले नसते अशा लोकांनाही ती जाते. शेजारच्या आजी, गावाकडचे शेतमजूर, घरकाम करणाऱ्या ताई, वडिलांचे निवृत्त शिक्षक या सर्वांच्या हातात तोच कागद पडणार आहे, हे लक्षात घेऊन मजकूर ठरवावा.

ज्यांना खरोखर काहीच नको आहे त्यांनी “आपली उपस्थिती हाच आमचा आहेर. कृपया आहेर व पुष्पगुच्छ आणू नयेत, ही नम्र विनंती” असे निःसंकोच छापावे आणि मग ते काटेकोरपणे पाळावे. मात्र असे छापून खाजगीत पैशाची अपेक्षा कळवणे सर्वांत वाईट, कारण छापील शब्दावर विश्वास ठेवून रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला हॉलमध्ये इतरांच्या हातांत पाकिटे दिसतात आणि तो विनाकारण अवघडतो. रोख आहेर हवा असेल तर पत्रिकेत आहेराविषयी काहीही लिहू नये, हेच योग्य.

व्हॉट्सअॅपवरील निमंत्रणालाही हेच लागू आहे. निमंत्रण चित्राच्या किंवा पीडीएफच्या स्वरूपात पाठवावे. लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल (फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल) पाठवून फोनमधील बँकेची माहिती चोरण्याचे प्रकार घडले आहेत आणि लोक त्याबाबत सावध झाले आहेत. तेव्हा निमंत्रणातच पैसे पाठवण्याची लिंक असली, तर ती उद्धटपणाची वाटतेच, शिवाय संशयास्पदही वाटते.

चौथी पायरी: कोणी विचारले तर काय सांगावे

आपल्याकडे जवळची माणसे विचारतातच. “तुला काय घेऊ?” हा प्रश्न केळवणाच्या वेळी, फोनवर किंवा बस्ता काढायला गेल्यावर हमखास येतो. त्याला बहुतेक मुले संकोचाने “काही नको” असे उत्तर देतात, आणि तिथेच घड्याळ येण्याचे निश्चित होते. प्रश्न मनापासून विचारलेला असेल, तर मनापासून उत्तर देणे हाच विचारणाऱ्याचा मान आहे.

चांगल्या उत्तरात तीन गोष्टी असाव्यात: पैशाचा हेतू, देणाऱ्याला पूर्ण मोकळीक आणि आकड्याचा अभाव. मावशीने फोनवर “मिक्सर घेऊ का गं तुला?” असे विचारले तर भाचीने म्हणावे, “मावशी, मिक्सर आहे गं घरात. आम्ही दोघं घरासाठी पैसे साठवतोय, त्याला तुझा हातभार लागला तर खूप आनंद होईल. पण तुझ्या मनात दुसरं काही द्यायचं असेल, तर तेही मी तेवढ्याच आनंदानं घेईन.” वडिलांच्या वयाच्या काकांशी बोलताना सूर थोडा बदलेल: “काका, तुम्ही आलात की आम्हाला सगळं मिळालं. तरी तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, सामान ठेवायला आत्ता जागा नाही. त्यामुळे पाकीट दिलंत तर आम्हाला सोयीचं होईल.” “घराला वीस लाख कमी पडताहेत” असे मात्र कधीही म्हणू नये. मोठा आकडा ऐकून थोडे देणाऱ्याला आपले देणे क्षुल्लक वाटू लागते.

काही वेळा जोडप्याने स्वतः बोलण्यापेक्षा आई, बहीण किंवा करवली यांनी सांगणे अधिक शोभते. वधूची आई आपल्या वहिनीला सांगू शकते, “वहिनी, मुलं दोन वर्षांसाठी बंगळुरूला चाललीत, सामान न्यायची सोय नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पाकीटच द्या, आणि ते पोरांच्याच हातात द्या.” बायकांच्या आपसांतल्या बोलण्यातून ही माहिती योग्य त्या लोकांपर्यंत फार सहज पोहोचते आणि कोणाला मागितल्यासारखे वाटत नाही.

मित्रमैत्रिणींच्या बाबतीत एखाद्या जवळच्या मित्राला सांगून ठेवावे आणि विचारणाऱ्यांना त्याच्याकडे पाठवावे. सगळ्यांनी मिळून वॉशिंग मशीनसारखी एखादी मोठी वस्तू द्यायचे ठरवले असेल, तर ती वस्तू खरोखर हवी आहे का हेही तोच सांगू शकतो. कार्यालयात बहुधा एक जण वर्गणी काढतो. त्याने विचारले तर त्याला सांगावे. कार्यालयाच्या ग्रुपवर काहीही लिहू नये. हाताखालच्या सहकाऱ्यांना, घरी काम करणाऱ्यांना आणि ज्यांचे बिल किंवा काम आपल्याकडे अडकलेले आहे अशा व्यावसायिकांना, त्यांनी विचारले तरी, “काही आणू नका, जेवायला या” असेच सांगावे. यजमान राज्य सरकारी नोकरीत असतील, तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये भेटी स्वीकारण्याविषयी आणि ठरावीक मर्यादेपुढील भेट शासनाला कळवण्याविषयी तरतूद आहे. ती लग्नाआधी आपल्या कार्यालयात विचारून घ्यावी.

काही आहेर असे असतात, की त्यांचे पैशात रूपांतर करण्याचा विचारही बोलून दाखवू नये. मामाने आणलेली पिवळी साडी, आजीने कित्येक वर्षे जपून ठेवलेली पाटली, आत्याने रुखवतासाठी स्वतः विणलेले तोरण, सुवासिनींनी ओटीत घातलेला खण-नारळ यांची किंमत काढता येत नाही. खेड्यातून टॉवेल-टोपीचा आहेर घेऊन आलेला माणूस आपल्या रीतीने आपला मान राखत असतो. तो आहेर दोन्ही हातांनी घ्यावा, टोपी तिथेच डोक्यावर ठेवावी आणि त्याच्यासोबत फोटो काढावा.

पाचवी पायरी: पैसे देण्याची सोय

विचारणाऱ्या पाहुण्याला पैसे देताना अडचण होऊ नये, यासाठी थोडी तयारी लागते. शक्य असल्यास आहेरासाठी वधू-वरांचे संयुक्त बचत खाते लग्नापूर्वी उघडावे. तसे जमले नाही तर दोघांनी आपापले खाते ठरवावे. वडिलांचे किंवा भावाचे खाते देऊ नये. त्याचे कारण पुढे करासंबंधीच्या भागात येईल.

यूपीआयने पैसे आले, की पाठवणाऱ्याच्या खात्यावरील नाव दिसते, आणि ते अनेकदा आपल्या पाहुण्याचे नसते. आजी नातवाच्या फोनवरून पाठवतात, मावशी काकांच्या खात्यातून पाठवते, आणि आठवडाभरानंतर हे ५०१ कोणाचे, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून क्रमांक देतानाच “शेऱ्यात आपलं नाव लिहा” असे सांगावे आणि पैसे येताच उत्तर पाठवावे. व्यक्ती-व्यक्तींमधील यूपीआय व्यवहारांना साधारणपणे दिवसाला एक लाख रुपयांची मर्यादा असते. त्याहून मोठी रक्कम देणाऱ्यांना खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड द्यावा.

क्यूआर कोड लावायचा असेल, तर तो आहेराच्या टेबलावर, लहान आकारात, वहीशेजारी ठेवावा. व्यासपीठावर, प्रवेशद्वारावर, एलईडी पडद्यावर किंवा जेवणाच्या मांडवात तो लावू नये. कोड कोणी बदलला तर नाही ना, हे टेबलावरच्या माणसाने स्वतः एक रुपया पाठवून दोन-तीनदा तपासावे, कारण मूळ कोडवर दुसरा कोड चिकटवून फसवणूक होऊ शकते.

चेक देणाऱ्यांना नाव अचूक कळवणे फार महत्त्वाचे आहे. पाहुणे उत्साहाने वधूचे सासरचे आडनाव घालून चेक लिहितात. तिचे खाते माहेरच्या नावावर असेल तर तो चेक वटण्यात अडचण येते. खात्यावर जे नाव आहे तेच सांगावे. चेकची मुदत त्यावरील तारखेपासून तीन महिने असते, तेव्हा फिरून आल्यावर भरू, असे म्हणून पाकिटे कपाटात ठेवू नयेत. परदेशात स्थायिक असलेल्या आणि लग्नासाठी भारतात आलेल्या जोडप्याने येथील पाहुण्यांचे रुपयांतील आहेर एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातील रकमेसाठीच्या खात्यात, भरावेत. परदेशातून आणलेल्या पैशांसाठीच्या एनआरई खात्यात ते भरता येत नाहीत.

सहावी पायरी: लग्नाच्या दिवशी

आहेराच्या टेबलावर घरातलीच, पण फार धावपळ नसलेली दोन माणसे बसवावीत. एकाने लिहावे आणि दुसऱ्याने पाकीट पिशवीत ठेवावे. वहीत अनुक्रमांक, नाव, गाव, कोणाच्या बाजूचे, पाकीट की वस्तू, असे रकाने आधीच आखलेले असावेत. पाकीट हातात येताच त्यावर वहीतला अनुक्रमांक लिहावा. हे एवढे केले, तरी रात्री पाकिटे उघडताना होणारा निम्मा गोंधळ टळतो, कारण कितीतरी पाकिटांवर केवळ “काका-काकूंकडून” किंवा “शुभाशीर्वाद” एवढेच लिहिलेले असते.

टेबलावर पाकीट उघडू नये आणि रक्कमही विचारू नये. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अनेक ठिकाणी आहेर लिहून घेताना रक्कम मोजतात आणि ध्वनिक्षेपकावरून नावासह पुकारतात. त्यामागे नोंद सर्वांसमोर व्हावी हा हेतू असला, तरी ५१ रुपये देणाऱ्या माणसाचे नाव ५००१ देणाऱ्याच्या पाठोपाठ पुकारले जाते तेव्हा त्याला काय वाटत असेल, याचा विचार यजमानाने केला पाहिजे. पुकारायचेच असेल तर फक्त नाव आणि गाव पुकारावे. रिटर्न गिफ्ट द्यायची असेल तर ती सर्वांना सारखी द्यावी आणि आहेराच्या टेबलावर न देता जेवण झाल्यावर निघताना द्यावी. म्हणजे पाकिटाच्या बदल्यात वस्तू मिळाली, असे दिसत नाही.

स्वागत समारंभात व्यासपीठावर पाकीट मिळाले, की वधू-वरांनी ते मागे उभ्या असलेल्या एकाच ठरलेल्या व्यक्तीकडे द्यावे. लग्नाच्या हॉलमध्ये पर्स आणि पिशव्या चोरीला जाण्याचे प्रकार नेहमी घडतात, आणि बहुधा सप्तपदीच्या वेळी किंवा सामूहिक फोटो काढताना, म्हणजे सगळ्यांचे लक्ष एकीकडे असताना, घडतात. पिशवी कुलूप असलेली असावी आणि ती एकाच माणसाच्या ताब्यात राहावी. ती वधूच्या खोलीत खुर्चीवर ठेवून जाऊ नये.

सातवी पायरी: कर आणि नोंदी

आयकर कायद्यानुसार स्वतःच्या लग्नानिमित्त वधू-वरांना मिळालेली भेट, ती कितीही रकमेची असो आणि नातेवाइकाने दिलेली असो वा मित्राने, करमुक्त असते. ही सवलत फक्त वधू-वरांना आहे. मुलाच्या लग्नात वडिलांच्या खात्यात त्यांच्या मित्रांकडून पैसे आले आणि नातेवाईक नसलेल्यांकडून आलेली अशी रक्कम वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक झाली, तर ती सगळी रक्कम वडिलांचे करपात्र उत्पन्न ठरू शकते. वडिलांचे खाते देऊ नये, असे म्हटले ते यासाठी. आहेराची रक्कम मुदत ठेवीत ठेवल्यावर मिळणारे व्याज मात्र नेहमीप्रमाणे करपात्र असते.

रोख रकमेवर आणखी एक मर्यादा आहे. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यक्तीकडून एकाच प्रसंगानिमित्त दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही, आणि केळवणाला थोडी व लग्नाला थोडी अशी विभागून दिली तरी ती एकाच प्रसंगाची धरली जाऊ शकते. या नियमाच्या भंगाबद्दल स्वीकारलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो आणि तो घेणाऱ्याला भरावा लागतो. आजोबा किंवा मामा मोठी रक्कम देणार असतील तर त्यांना चेकने किंवा बँकेतून देण्याची विनंती आधीच करावी. बँकेत मोठी रोख रक्कम भरल्यावर ती कोठून आली असा प्रश्न पुढे आला, तर आहेराची वही, पत्रिका आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र हाच पुरावा असतो. त्यामुळे रक्कम लग्नानंतर लवकर भरावी आणि वहीची छायाचित्रे काढून ठेवावीत.

आहेराऐवजी एखाद्या संस्थेला मदत करावी, अशी काही जोडप्यांची इच्छा असते. ती सुंदर आहे आणि ती पत्रिकेत छापायलाही हरकत नाही, कारण त्यात यजमानाचा लाभ नसतो. मात्र पैसे स्वतःकडे गोळा करून नंतर देण्यापेक्षा संस्थेच्या खात्याचा तपशील द्यावा, म्हणजे पावती देणाऱ्याच्याच नावाने निघते. जुन्या करप्रणालीत देणगीची वजावट घेणाऱ्यांना ती २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर मिळत नाही, एवढे त्यांना सांगावे.

आठवी पायरी: पाकिटे उघडणे आणि आभार मानणे

पाकिटे दोघांनी मिळून, शांतपणे, वही समोर ठेवून उघडावीत. शक्यतो त्या वेळी इतर कोणी नसावे. कोणी किती दिले, ही चर्चा खोलीबाहेर गेली की ती नात्यात पसरायला एक दिवस पुरतो. कमी वाटलेल्या रकमेवर घरातही शेरा मारू नये. देणाऱ्याच्या घरात कोणाचे आजारपण चालू आहे, कोणाचे पीक गेले आहे, हे आपल्याला माहीत नसते. वहीत रक्कम भरावी, वस्तूंचीही नोंद करावी आणि रिकाम्या निघालेल्या पाकिटासमोर केवळ नाव लिहून ठेवावे. पाहुण्यांच्या गर्दीत नोट घालायची राहून जाते. त्याविषयी कधीही विचारू नये.

आभार पहिल्या महिन्याभरात मानावेत. रोख आहेराचे आभार वस्तूपेक्षा जास्त काळजीने मानावे लागतात, कारण वस्तू घरात दिसते, पैसे दिसत नाहीत. देणाऱ्याला आपल्या पैशांचे काय झाले हे कळले तर समाधान वाटते. मित्राला लिहावे, “तू दिलेला आहेर आम्ही घराच्या खात्यात ठेवला आहे. बुकिंग झालं की पहिला चहा प्यायला तूच यायचंस.” रकमेचा उल्लेख संदेशात करू नये. साठ-सत्तरीच्या पुढच्या मंडळींना संदेश पाठवून भागत नाही; त्यांना फोन करावा, आणि जी घरे जवळ आहेत तिथे जोडीने पाया पडायला जावे. तिथे पुन्हा हातात पाकीट ठेवले जाईल. तेही वहीत लिहावे.

जे पाहुणे आले आणि ज्यांनी काहीच दिले नाही, त्यांनाही आल्याबद्दल तितक्याच आपुलकीने कळवावे. आभाराच्या यादीतून त्यांची नावे वगळली तर त्यांना कारण लगेच समजते. ज्यांनी सांगूनही वस्तूच दिली, त्यांच्यासाठी त्या वस्तूचा फोटो वापरात असताना काढून पाठवावा. आणि वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने कोरे ठेवावेत: एकात त्या घरात पुढे येणाऱ्या लग्नाची, मुंजीची किंवा बारशाची तारीख आणि दुसऱ्यात आपण केलेला आहेर. तो करताना पूर्वी मिळालेला आकडा पाहावा, त्यात आपल्या ऐपतीप्रमाणे भर घालावी, आणि त्या घरातल्या मुलांना खरोखर काय हवे आहे हे त्यांना आधी फोन करून विचारावे.